चूक दाखवणारी दारू

यंदाच्या दिवाळी अंकात मी दारूविषयी लिहिणार आहे, असे घरी जाहीर केले तेव्हा सौभाग्यवतींनी हातातला सोऱ्या खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, चकलीच्या पिठात चुकून साखर पडली असती तरी त्यांना इतका धक्का बसला नसता.

"वर्षभर काय लिहायचे ते लिहा. पण सणासुदीच्या दिवसांत हे काय मेले!"

"अगं, प्यायची नव्हे, उडवायची," मी घाईघाईने खुलासा केला.

भाषा शिकवण्याचा धंदा पत्करलेल्या माणसाला असे खुलासे जन्मभर करावे लागतात. एकच शब्द, पण त्याने एका घरात बाटली दाखवावी, दुसऱ्या घरात भुईनळा. मूळचा फारसी 'दारू' मात्र या दोघांहून निराळा आणि सात्त्विक. त्याचा अर्थ औषध. 'दवादारू' या आपल्या जोडशब्दात तो बिचारा अजून मूळच्या अर्थाने नांदतो आहे. आजारी माणसाची दवादारू करतो असे आपण म्हणतो, तेव्हा कोणी भुवया उंचावत नाही. औषध म्हटले की मात्रा आली. मात्रा कमी पडली तर गुण नाही, जास्त झाली तर जिवावर बेतते. हे सारे मला वर्गात शिकवायला पाठ होते. पण त्याचा खरा अर्थ गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, सातासमुद्रापलीकडे ओहायो राज्यातल्या एका मोटारीच्या गॅरेजमध्ये कळला.

त्या गॅरेजचे मालक म्हणजे आमचे धाकटे बंधुराज. इंजिनियर होऊन तिकडे गेले, घर केले, संसार केला आणि मग एके दिवशी पत्रातून कळवले, की आपण पिस्तुलाच्या शर्यती खेळू लागलो आहोत. आमच्या घराण्यात आजवर कोणी गलोलही धड धरली नव्हती. आई म्हणाली, "त्याला कोणी शत्रू आहेत का रे तिकडे?" मी तिला समजावले, की हा खेळ आहे. १९७६ साली अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात कोलंबिया या गावी माणसे जमली आणि त्यांनी या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. कागदाची आणि लोखंडाची लक्ष्ये मांडलेली असतात, खेळाडू धावत जागा बदलतो आणि गुण व वेळ यांचा हिशेब होतो. त्यांचे बोधवाक्य लॅटिनमधले तीन शब्दांचे आहे. त्यांचा अर्थ अचूकपणा, सामर्थ्य आणि वेग असा सांगतात. पण पहिला शब्द आहे 'दिलिगेन्तिया', आणि त्याचा मूळ अर्थ काळजी असाही होतो. वेगाचा क्रमांक शेवटचा. एवढे ऐकून आई गप्प बसली. पटले म्हणून नव्हे, लॅटिनपुढे इलाज नाही म्हणून.

आपल्याकडे नेमबाजी म्हटली की कोल्हापूरच्या राही सरनोबत आठवतात. २०१८ साली पालेम्बांग येथे आशियाई खेळांत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक त्यांनी आणले. ते पिस्तूल .२२ चे. त्याच्या काडतुसाला वेगळी टोपी नसते, पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो. एकदा उडाले की ते काडतूस संपले, म्हणून ते घरी पुन्हा भरण्याचा प्रश्नच येत नाही. बंधुराजांचे पिस्तूल ९ मिलिमीटरचे. त्याची पितळी पुंगळी उडाल्यावरही शाबूत राहते. जुनी टोपी काढावी, नवी बसवावी, मापाने दारू घालावी, वर गोळी दाबून बसवावी, की काडतूस पुन्हा तयार. आठवड्याला शेकडो बार उडवणाऱ्या खेळाडूला विकतची काडतुसे परवडत नाहीत, आणि विकतच्या काडतुसाचा धक्काही त्याला हवा तसा नसतो. म्हणून तिकडे हौशी मंडळी आपली काडतुसे आपणच भरतात. वाचकांपैकी कोणाच्या घरात चौदा-पंधरा वर्षांचा उद्योगी मुलगा असेल, तर त्याच्यासाठी येथेच सांगून टाकतो: आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचण्यासाठी आहे, करून पाहण्यासाठी नव्हे.

गॅरेजमध्ये एका भिंतीला लागून लाकडी बाक होता. त्यावर दाबाचे यंत्र, दारू मापण्याचे नळीदार यंत्र, सोनाराच्या काट्याहूनही नाजूक काटा आणि पन्नास भोकांचा एक लाकडी ठोकळा. पाच ओळी, प्रत्येक ओळीत दहा भोके, भोकाभोकात एकेक पुंगळी. देवघरात पणत्या मांडाव्यात तशा त्या मांडलेल्या.

"दादा, हे वजन ग्रेनमध्ये करतात," बंधुराज म्हणाले.

ग्रेन! किती वर्षांनी हा शब्द ऐकला! आजोबा हिवतापावर अमुक ग्रेन क्विनाइन घेत आणि आजीच्या पाटल्या तोळ्यांत मोजल्या जात. इंग्रजी अमदानीत ठरवलेला तोळा बरोबर १८० ग्रेनांचा. तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज झाली दोन ग्रेनांहून किंचित कमी. तिकडच्या एका पौंडात ७००० ग्रेन बसतात. उदाहरणापुरती एका काडतुसाला साडेतीन ग्रेन दारू धरली, तर ती दोन गुंजांएवढीसुद्धा भरत नाही आणि एका पौंडात २००० काडतुसे होतात. एवढ्याशा चिमटीत किती जोर असावा? ९ मिलिमीटरच्या या काडतुसाला अमेरिकेत दाबाची जी कमाल मर्यादा घालून दिली आहे, ती दर चौरस इंचाला ३५,००० पौंड. आपल्या मोटारीच्या चाकात हवा भरतात, तिच्या दाबाच्या सुमारे हजारपट! आणि हा प्रकार मनगटापासून वीतभर अंतरावर घडायचा.

"मग इतक्या प्रकारच्या दारूतून निवडायची कशी?" मी विचारले. दुकानात डब्यांची रांगच्या रांग मी पाहिली होती.

बंधुराजांनी मला जे सांगितले ते मी माझ्या पद्धतीने सांगतो.

पूर्वीची बंदुकीची दारू काळी, सोरा-गंधक-कोळशाची. धूर फार आणि जोर बेताचा. म्हणून पुंगळी काठोकाठ भरावी लागे. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय या रसायनज्ञाने बिनधुराची दारू तयार केली. मूळ द्रव्य कापसासारखे साधे, पण त्यावर नत्राम्लाची क्रिया झाली की त्याची प्रकृतीच बदलते. तिचा जोर काळ्या दारूच्या कितीतरी पट. तेव्हा ती थोडीच घालायची. म्हणजे काय झाले? पुंगळीत मोकळी जागा उरली. शहाण्या लोकांनी दारू सुधारली आणि चुकीला बसायला जागा करून दिली! काळ्या दारूच्या दिवसांत एका पुंगळीत दुप्पट माप घालणे शक्यच नव्हते, कारण ते मावतच नसे. आता मावते. आणि दुप्पट मापाने दाब केवळ दुप्पट होऊन थांबत नाही. दाब वाढला की ही दारू आणखी वेगाने जळते, वेग वाढला की दाब आणखी चढतो. उघड्यावर पेटवली तर ती नुसती भुरकन जळून जाते, पण कोंडली की फुटते. आमच्या स्टाफरूममधल्या एकदोघांचा स्वभाव मला यावरून आठवला. असो.

दुसरी चूक याच्या उलट: माप घालायचेच राहून जाणे. आपण मराठीत 'फुसका बार' म्हणून हसतो आणि सोडून देतो. पिस्तुलात मात्र फुसक्या बाराला हसणारा माणूस मी पुन्हा पाहणार नाही. नुसत्या टोपीच्या जोराने गोळी पुंगळीतून सुटते आणि नळीत मध्येच अडकून बसते. घाईत पुढचा बार काढला, की दुसरी गोळी पहिलीवर आदळते आणि नळी फाटते. म्हणून आवाज जरा जरी पोकळ आला, तरी तिथेच थांबायचे, पिस्तूल रिकामे करायचे आणि नळीतून आरपार दिसते का ते पाहायचे, असा चांदमारीवरचा दंडक आहे.

आता खेळाडूची अडचण पाहा. सामन्यात गोळीची ताकद मोजतात. गोळीचे ग्रेनांतले वजन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, भागिले हजार. अमेरिकेतल्या संघटनेच्या नियमाप्रमाणे हे उत्तर किमान १२५ यावे लागते. १४७ ग्रेनांची गोळी सेकंदाला ९०० फुटांनी गेली, तर १३२ येते. उत्तर १२५ च्या खाली गेले तर खेळता येते, पण गुण मिळत नाहीत. तेव्हा सगळ्यांची धडपड अशी, की १२५ च्या थोडे वर राहावे आणि धक्का कमीत कमी बसावा. त्यासाठी जड गोळी आणि चटकन जळणारी दारू ही जोडी अनेकांना आवडते. चटकन जळणाऱ्या दारूतही पुन्हा दोन जाती. एकीचे दाणे घट्ट आणि वजनदार. माप लहान आणि पैशाची बचत. दुसरी फुलवलेल्या पोह्यांसारखी. वजन तेवढेच, पण जागा व्यापते जवळजवळ दुप्पट.

"मी आधी पहिली वापरत होतो," बंधुराज म्हणाले. "एका डब्यात जास्त काडतुसे, माप यंत्रातून सरळ पडते, काही तक्रार नव्हती. पण एका मापाने पुंगळी अर्धीही भरायची नाही. दुसरे माप त्याच पुंगळीत गेले, तरी वर गोळी मजेत बसायची."

"मग बदललीस का?"

उत्तर भावजयीने दिले. ती तिकडे इस्पितळात परिचारिका आहे, आणि त्या वेळी गॅरेजच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होती.

"भाऊजी, मी यांना एकच विचारलं. म्हटलं, तुम्ही चुकलात तर ते दिसेल का? हे म्हणाले, मी चुकणारच नाही, माझं पूर्ण लक्ष असतं. आमच्या इस्पितळात असं म्हणणाऱ्याचीच सगळ्यांना भीती वाटते. सारख्या दिसणाऱ्या औषधांच्या दोन बाटल्या आम्ही शेजारी शेजारी ठेवतच नाही. नर्स हुशार नसते म्हणून नव्हे. रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला हुशार नर्ससुद्धा दमलेली असते म्हणून."

बंधुराज यावर आठ दिवस रुसले होते, असे तिने पुढे सांगितले. मग त्यांनी फुललेल्या पोह्यांची जात आणली. या दारूचे एक माप पुंगळीचा अर्ध्याहून अधिक भाग भरते. चुकून दुसरे माप पडले, तर दारू काठावरून ओसंडते. आंधळ्यालाही बोटाला लागेल अशी. तिचे तोटेही आहेत. चपटे पापुद्रे मापाच्या नळीत कधी अडकतात आणि माप थोडे कमीजास्त पडते, म्हणून दर दहा-वीस पुंगळ्यांनंतर काट्यावर वजन पाहावे लागते. वेळ जास्त लागतो. काळ्या दारूच्या जमान्यातल्या मोठ्या पुंगळ्यांसाठी तर एका कंपनीने 'ट्रेल बॉस' नावाची दारू काढली होती. तिचे दाणे मधोमध भोक असलेले, अगदी मुंगीच्या पंगतीला वाढावेत असे मेदूवडे! जागा भरून काढणे हाच त्या भोकाचा उद्देश.

निवडीचे बाकीचे नियम बंधुराजांनी बाकाच्या वर मराठीत लिहून चिकटवले होते. इंग्रजी वाचताना डोळे नुसते पुढे सरकतात, मराठी वाचताना आईने सांगितल्यासारखे वाटते, असे त्यांचे म्हणणे. मराठीच्या अध्यापकाला याहून मोठा मान कोणता? नियम असे: दारू बनवणाऱ्याच्या छापील पुस्तकात आपल्या काडतुसाचे आणि आपल्याच गोळीचे माप दिले असेल, तीच दारू घ्यावी. पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापापासून आरंभ करावा, कमाल मापापासून कधीही नाही. गोळी ठरल्यापेक्षा खोल बसवू नये, कारण आतली जागा कमी झाली की दाब चढतो. जळण्याच्या वेगाचे तक्ते मिळतात, पण ते नुसता क्रम सांगतात. तक्त्यात शेजारी आहे म्हणून एका दारूचे माप दुसरीला लावू नये. बाकावर एका वेळी एकच डबा. दारू नेहमी मूळच्या डब्यात. ज्या दारूचे नाव माहीत नाही ती रंगावरून, दाण्यावरून ओळखायला जाऊ नये. टाकून द्यावी. आंबट, उग्र वास आला किंवा तांबूस वाफ दिसली तर ती दारू बिघडली. आणि शेवटचा नियम लाल शाईने: मध्येच उठावे लागले तर सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करून पुन्हा पहिल्यापासून भराव्यात.

बिघडलेल्या दारूवरून त्यांनी मला फ्रेंच आरमाराची गोष्ट सांगितली. तूलाँच्या बंदरात १९०७ साली 'इएना' आणि १९११ साली 'लिबेर्ते' अशी दोन लढाऊ जहाजे शत्रूवाचूनच उडाली. आतली व्हिएयच्या जातीची दारूच जुनी होऊन बिघडली होती. शेकडो माणसे गेली. जिने बंदुकीचा धूर घालवला, तिनेच हे केले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगायची की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

रात्रीचे नऊ वाजले होते. दुसऱ्या दिवशी सामना. बंधुराज पुंगळ्या भरत होते, मी स्टुलावर बसून पाहत होतो. ठोकळ्यातली एकेक पुंगळी उचलायची, मापाच्या नळीखाली धरायची, दांडा खाली-वर करायचा, पुंगळी परत जागेवर ठेवायची. त्यात एक लय होती. इतक्यात फोन वाजला. पुण्याहून आमच्या सौभाग्यवतींचा. तिकडे सकाळचे साडेसहा. आई न्हाणीघरात घसरून पडली होती.

अशा वेळी माणूस काय करतो? बंधुराज उठून अंगणात गेले, मीही मागोमाग गेलो. हाड मोडले का, डोक्याला लागले का, डॉक्टर आले का, हेच प्रश्न आम्ही दोघे आळीपाळीने पाचपाचदा विचारत होतो. आईची दोन मुले, आणि दोघेही आठ हजार मैलांवर गॅरेजच्या दारात उभे. तासाभराने पुन्हा फोन आला. मनगट दुखावले होते, बाकी काही नव्हते. फोनवर आईचा आवाज आला: "तुम्ही जेवलात का?" तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

झोप कुठली येणार? बंधुराज पुन्हा बाकाशी बसले. लाल शाईचा नियम डोक्याच्या वर चिकटलेला होता. त्यांनी तो पाहिला नाही, मीही पाहिला नाही.

"दादा, मी कुठपर्यंत आलो होतो रे?"

"दोन ओळी झाल्या होत्या," मी म्हणालो. खात्रीने म्हणालो. वर्गात एखादी सनावळी सांगावी तसे.

त्यांनी तिसऱ्या ओळीतली पहिली पुंगळी उचलली, नळीखाली धरली, दांडा ओढला. आणि दारू पुंगळीच्या काठावरून ओसंडून त्यांच्या बोटांवर, तिथून खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर सांडली. करड्या पापुद्र्यांची एवढीशी रास.

आम्ही दोघेही काही बोललो नाही. ओळी तीन झाल्या होत्या.

बंधुराजांनी पुंगळी खाली ठेवली आणि हात उताणा करून बोटांवरचे पापुद्रे झटकले. दिव्याच्या उजेडात डाव्या तळहातावरचा तो जुना, चकचकीत व्रण मला दिसला. आणि मी एकदम वाड्यात जाऊन पोचलो.

मी अकरा वर्षांचा, तो आठ. दिवाळी उतरणीला लागली होती. वाड्यातल्या मुलांनी न उडालेले लवंगी फटाके गोळा केले होते. ते सोलून त्यांतली दारू एका पत्र्याच्या डबीत जमवायची, हा उद्योग धाकट्याचा. माझ्याकडे काम होते लक्ष ठेवण्याचे. पलीकडे कोणी फुलबाजी घेऊन आले तर ओरडायचे. "तू कर, मी लक्ष ठेवतो," असे मी त्याला म्हणालो होतो. मग समोरच्या गच्चीवरून कोणीतरी बाण सोडला. तो इतका उंच गेला, इतका उंच गेला, की माझी मान वर ती वरच राहिली. खाली ठिणगी कुठून आली ते मला आजही सांगता येणार नाही. त्याची किंकाळी तेवढी आठवते. डावा हात महिनाभर बांधलेला होता. आईने खोदखोदून विचारले, पण लक्ष ठेवायला कोण होते हे त्याने कोणाला सांगितले नाही. मीही नाही. पस्तीस वर्षांनी येथे सांगतो आहे.

त्या दिवशी मी लक्ष ठेवतो म्हणालो, ते खोटे नव्हते. त्या रात्री दोन ओळी म्हणालो, तेही खोटे नव्हते. माझे लक्ष होतेच. पण लक्ष ही मोठी फितूर वस्तू आहे. ते जाताना सांगून जात नाही. गेले आहे हे आपल्याला ते परत आल्यावर कळते, आणि कधीकधी तेवढा वेळ मिळत नाही. जुनीच दारू असती तर काय झाले असते, याचा हिशेब मी त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या केला. तिसऱ्या ओळीत दहा पुंगळ्या होत्या. दहाही पुंगळ्यांत दुप्पट दारू गेली असती, दहाही गोळ्या वर छान बसल्या असत्या, आणि सकाळी दहाही काडतुसे इतर चाळीसांत मिसळून पट्ट्याला लागली असती. व्रण उजव्या हातालाही मिळाला असता. किंवा व्रणावर भागलेच नसते.

"चूक माझी," मी म्हणालो.

"विचारायलाच नको होते मी," बंधुराज म्हणाले. मग थोड्या वेळाने, बाकाकडे पाहत: "हिच्यावरून मी आठ दिवस रुसलो होतो, दादा."

त्यांनी पन्नासही पुंगळ्या एकेक करून उलट्या केल्या. दारू मूळच्या डब्यात परत गेली, सांडलेली तेवढी वेगळी काढली, झाकण लागले, दिवा मालवला. दुसऱ्या दिवशीचा सामना त्यांनी सोडून दिला. पुतण्या सकाळी हिरमुसला होऊन म्हणाला, "काका, बाबा का नाही जात आज?" मी म्हणालो, "आजीला बरे नाही ना." तेही खोटे नव्हते.

परतल्यावर मी आईचे मनगट पाहिले, मग तिला सगळे सांगितले. गॅरेजचे आणि वाड्यातलेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वाड्यातले मला तेव्हाच ठाऊक होते. तू महिनाभर त्याचे दप्तर उचलत होतास."

आता हा लेख पुरा करतो आहे, तोवर सौभाग्यवतींच्या चकल्या तळून झाल्या आहेत. खाली अंगणात बिऱ्हाडांतली मुले जमू लागली आहेत आणि दर वर्षीप्रमाणे मला हाक आली आहे: "काका, तुम्ही लक्ष ठेवायला या ना!" जातो आहे. पण यंदा पहिली फुलबाजी पेटण्याआधीच पाण्याच्या दोन बादल्या भरून अंगणात नेऊन ठेवल्या आहेत, पोरांचे जुने सुती कपडे पाहून घेतले आहेत, आणि न उडालेला फटाका उचलायचा नाही, थेट बादलीत, असे बजावून ठेवले आहे. बाण वर गेला की माझी मान वर जाणार, हे मला आता पक्के माहीत झाले आहे.